पाण्याची राखण

नवी मुंबईतील वाशी, नेरुळ, सीवूड्स किंवा खारघर ह्यांपैकी कोणत्याही उपनगरात उन्हाळ्याच्या सायंकाळी एखाद्या खाजगी क्लबाच्या तरणतलावापाशी गेले असता टोप्या घालून रांगेने पाण्यात उतरणारी मुले, उथळ बाजूचा कठडा धरून पाय मारण्याचा अभ्यास करणाऱ्या गृहिणी, काठावरच्या खुर्चीत बसून नातवावर डोळा ठेवणारे आजोबा आणि गळ्यात शिटी अडकवून पाण्यावरची नजर न हलवता येरझारा घालणारा जीवरक्षक असे जे दृश्य दिसते, ते इतके सुस्थिर आणि स्वाभाविक भासते की, ह्या निर्धास्तपणालाही एक इतिहास असेल, असा विचार पाहणाऱ्याच्या मनास सहसा शिवत नाही. परंतु ज्या भूमीवर हे तलाव आज बांधलेले आहेत, तिचा बराचसा भाग कित्येक शतके भरतीच्या पाण्याशी झगडून मिळवलेला आहे, आणि पाण्याजवळ निर्भयपणे कसे वागावे, ह्याचे काही नियम तेथील रहिवाशांनी क्लब ही संस्था ह्या किनाऱ्यावर येण्याच्या पुष्कळ आधी घालून घेतले होते. त्या नियमांचे सार एका वाक्यात सांगता येते. पाण्यापाशी सुरक्षितता नांदते ती राखणीचे काम ज्याला नेमून दिले आहे, त्या कामाचा मोबदला ज्याला मिळतो आणि त्याबद्दल जाब देण्यास जो बांधलेला आहे, अशा माणसामुळे. आणि तेथील वातावरण कसे राहील, हे त्या काठावर कोणाला येऊ दिले जाते, ह्यावर ठरते. ह्या दोन कसोट्या हाती धरून ह्या प्रदेशातील पोहण्याचा पूर्वेतिहास पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ठाण्याच्या खाडीचा पूर्वकिनारा, म्हणजे जुन्या ठाणे जिल्ह्यातील बेलापूर पट्टी आणि कुलाबा जिल्ह्यातील पनवेल व उरण हे तालुके, हा आगरी व कोळी समाजांचा मुलूख. खाडीच्या कडेने मातीदगडांचा बांध घालावा, त्यात ठिकठिकाणी उघाड्या ठेवाव्यात, ओहोटीच्या वेळी त्या उघाड्यांतून शेतातले पावसाचे गोडे पाणी खाडीत सोडावे आणि भरती चढू लागताच खारे पाणी आत येऊ नये म्हणून त्या बंद व्हाव्यात, ह्या रीतीने येथील खार जमीन भातपिकाखाली आणली गेली. आणि जेथे भात पिकत नसे, तेथे मिठागरे घातली गेली. हे काम एकदा करून संपणारे नव्हते. उधाणाच्या भरतीस मुंबई बंदरातील पाणी साडेचार मीटरांची उंची ओलांडते. अशा वेळी खेकड्यांनी पोखरलेले बांधातील एखादे भोक दुर्लक्षित राहिले, तर खांड पडून सबंध शिवारात खारे पाणी शिरे, आणि एकदा खारावलेली जमीन पुन्हा पिकाऊ होण्यास पुढचे कित्येक पावसाळे जावे लागत. म्हणून कुलाबा जिल्ह्याच्या महसुली व्यवस्थेत शिलोत्री नावाचा एक स्वतंत्र प्रकार रूढ झाला होता. बाहेरचा बांध घालून जमीन लागवडीस आणणारा तो शिलोत्रदार. त्या बांधाची देखभाल ही त्याची जबाबदारी, आणि तिच्यापोटी लागवड करणाऱ्या कुळांकडून सरकारी साऱ्याव्यतिरिक्त त्याला जे ठराविक भात मिळे, ते शिलोत्री मण. पाण्यापासून रक्षण करणे हे कोणाच्या सद्भावनेवर न सोडता त्यासाठी माणूस नेमावा आणि त्याचे वेतन त्या रक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनीच भरावे, हे तत्त्व येथील शेतकऱ्याने अशा रीतीने आपल्या जमाबंदीतच गोवून ठेवले होते. पुढे १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींसंबंधी कायदा करून बांधांच्या दुरुस्तीची तजवीज केली, तेव्हाही मूळ प्रश्न तोच होता: बांध सर्वांचा असला, तरी खांड पडल्यावर जाब कोणाला विचारायचा?

अशा गावांत वाढणाऱ्या मुलाला पोहणे शिकवण्यासाठी निराळी संस्था लागत नसे. दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव, जुहूगाव ह्या गावांतील मुले वडिलांबरोबर होडीत बसून खाडीत जात, आणि पाण्यात हातपाय मारण्याबरोबरच पाण्याचे वेळापत्रकही शिकत. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग म्हणजे कमी चढणारी भरती, दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, आणि प्रत्येक दिवशी सुमारे पाऊण तासाने पुढे सरकणारी तिची वेळ हे ज्ञान त्यांच्या अंगवळणी पडलेले असे. ओहोटीच्या चिखलात कोठे पाय घालावा व कोठे घालू नये, तिवरांच्या मुळांत अडकल्यास काय करावे, प्रवाहाला आडवे न जाता त्याच्या कलाने किनारा कसा गाठावा, हे सारे थोरल्याच्या नजरेखाली आणि त्याच्या हाकेच्या अंतरावर शिकले जाई. येथेही राखण होती; फक्त ती नात्याने बांधलेली होती, आणि तिच्यातील कसूर ही घरादाराच्या तोंडावर विचारली जाणारी गोष्ट होती.

खाडीपासून थोडे आत आले की तळ्यांचा प्रदेश लागे. पनवेल शहरातील वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे आणि लेंडाळे ही तळी प्रसिद्धच आहेत. परंतु बेलापूर पट्टीतील बहुतेक प्रत्येक गावाला देवळाजवळ आपले एक तळे असे, आणि पिण्याचे पाणी, धुणे, गुरे व मुलांचे डुंबणे ह्यांच्या जागा ठरलेल्या असत. ही शिस्त प्रशंसनीय होती, तथापि तिचे वर्णन करताना तिच्या पोटातील अन्याय झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ज्या कुलाबा जिल्ह्यात पनवेल मोडत असे, त्याच जिल्ह्यातील महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्य मानलेल्या समाजास पाणी घेण्याची बंदी होती. १९२३ साली सी. के. बोले ह्यांच्या पुढाकाराने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव संमत केला, महाड नगरपालिकेनेही त्यास अनुसरून १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या सहस्रावधी अनुयायांसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेईपर्यंत तो ठराव कागदावरच होता, आणि त्या हक्कावर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब होण्यास १९३७ साल उजाडावे लागले. तेथे प्रश्न पिण्याच्या पाण्याचा, म्हणजे जीविताचाच होता, आणि त्याची बरोबरी करमणुकीच्या जागेतील प्रवेशाशी करता येणार नाही. पण पाण्याचा काठ कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात किती खोलवर रुजलेला आहे, हे त्यावरून कळते. आणि पोहण्याच्या प्रत्येक जागेचे वातावरण पारखताना तो प्रश्न आपल्याला बाजूस ठेवता येत नाही.

देशावरील चित्र थोडे वेगळे होते. तेथे पोहण्याची शाळा म्हणजे विहीर, बारव किंवा नदीचा डोह. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ह्या ग्रंथात राजाच्या क्रीडांमध्ये सलिलक्रीडेस स्थान दिलेले आहे; सातारा जिल्ह्यातील लिंब येथील बारा मोटांची विहीर शाहू महाराजांच्या कारकिर्दीत बांधली गेली, आणि तिच्या पायऱ्या व कमानी पाहिल्या म्हणजे जलाशयाच्या बांधणीत माणसाच्या चढण्या-उतरण्याचा केवढा विचार केला जात असे, ह्याची साक्ष पटते. सामान्य घरातील मुलास मात्र वाळवलेला भोपळा, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका, किंवा पुढील काळात तोंड झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा पाठीस बांधून विहिरीत सोडले जाई. चुलता किंवा थोरला भाऊ आधी पाण्यात उतरलेला असे, दुसरा कोणी दोर घेऊन थारोळ्याशी उभा असे, आणि मुलाने पाच-सात दिवस गटांगळ्या खाल्ल्यानंतर भोपळ्याचे बंद सैल केले जात. महिन्याअखेर तोच मुलगा काठावरून सूर मारून तळाची माती मुठीत घेऊन वर येई आणि पट्टीचा पोहणारा म्हणून मिरवू लागे. ह्या शिक्षणात धिटाई होती, आपुलकी होती आणि एका शिष्यामागे दोन रक्षक, असे आज कोणत्याही क्लबास न परवडणारे प्रमाणही होते. तथापि त्याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. ज्या घरास विहीर नव्हती किंवा ज्या जातीस ती वर्ज्य होती, त्या घरातील मूल ह्या शिक्षणास मुकले. पांढरपेशा घरांतील मुलींना तर काठावर बसून भावांचे कपडे सांभाळण्यापलीकडे वाव नव्हता. आणि बुडालेल्या माणसास बाहेर काढल्यावर त्याच्या छातीत श्वास भरण्याऐवजी त्याला उलटे धरून पोट दाबण्याच्या समजुतीपायी वाचू शकले असते असे जीवही गेले.

क्लब ह्या संस्थेचा प्रवेश मुंबईत झाला तो परदेशी राज्यकर्त्यांच्या गरजेतून. १८७६ साली स्थापन झालेला ब्रीच कँडीचा तरणतलाव युरोपियनांसाठीच राखलेला होता, आणि देश स्वतंत्र झाल्यावरही कित्येक वर्षे भारतीय माणसाला त्याचे दार बंद राहिले, ह्याचे शल्य जुन्या मुंबईकरांच्या मनात दीर्घकाळ होते. त्या तलावाचा आकार अखंड हिंदुस्थानच्या नकाशासारखा असावा आणि त्या हिंदुस्थानच्या रहिवाशास मात्र त्यात पाय घालण्याची मुभा नसावी, ह्याइतका त्या काळच्या सामाजिक व्यवस्थेचा बोलका पुरावा दुसरा क्वचितच सापडेल. ह्या बहिष्काराला भारतीय धनिकांनी जे उत्तर दिले, तेही त्या काळाच्या चाकोरीतलेच होते. चौपाटीजवळ प्राणसुखलाल मफतलाल ह्यांच्या नावाने जो तरणतलाव व नौका क्लब उभा राहिला, त्याच्या नावातच हिंदू हा शब्द होता. समुद्रकाठी पारशी, मुसलमान व हिंदू असे तीन जिमखाने शेजारीशेजारी वसलेले होते. ह्या चाकोरीबाहेरचे पाऊल मुंबईत महानगरपालिकेने टाकले. दादरच्या शिवाजी पार्कजवळील महात्मा गांधींच्या नावाच्या जलतरण तलावावर गिरणगावातील कामगाराचा मुलगा आणि हिंदू कॉलनीतील वकिलाचा मुलगा एकाच शिटीवर पाण्यात उतरू लागले. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या टिळक तलावाने मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांना पोहणे शिकवले. ह्याच सुमारास स्त्रियांसाठीही पाण्याचे दार उघडू लागले होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या डॉली नाझीर ह्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले, आणि १९५९ साली बंगालच्या आरती साहा ह्यांनी इंग्लिश खाडी पोहून ओलांडली, तेव्हा त्या वार्तेने महाराष्ट्रातीलही अनेक घरांत मुलींच्या पोहण्याविषयीचा विरोध सैल पडला.

एकीकडे आतल्यांना निर्धास्तपणा आणि दुसरीकडे बाहेरच्यांना बंद दार, ह्या खाजगी क्लबाच्या दुहेरी स्वरूपाचा अनुभव परदेशासही आला आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांतून शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी वर्गणी काढून कौटुंबिक पोहण्याचे क्लब मोठ्या संख्येने स्थापन केले. स्वच्छ पाणी, नेमलेले जीवरक्षक, ओळखीची माणसे आणि लहान मुलांना मोकळेपणाने वावरता येईल असा परिसर हे त्यांचे गुण खरेच होते. परंतु त्याच सुमारास सार्वजनिक तलाव कृष्णवर्णीयांस खुले होऊ लागले होते, आणि ओळखीच्या माणसांचा हा आग्रह पुष्कळ ठिकाणी त्यांना टाळण्याचे साधन बनला. मेरीलँड राज्यातील व्हीटन-हेवन नावाच्या अशा एका क्लबाने कृष्णवर्णीय कुटुंबास सदस्यत्व नाकारले, तेव्हा ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७३ साली निकाल क्लबाच्या विरुद्ध लागला. आपल्याकडील ब्रीच कँडी आणि तिकडील व्हीटन-हेवन ह्यांच्या इतिहासांतून निघणारा बोध एकच आहे. अनोळखी माणूस म्हणजे धोका, हे समीकरण पाण्याच्या बाबतीत खोटे आहे. तलावातील मृत्यूला कारण होते ते दुर्लक्ष. आणि दुर्लक्ष ओळखीच्या माणसांच्या गर्दीतही होते.

नवी मुंबईचा जन्म ह्या पार्श्वभूमीवर झाला. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्यांनी ‘मार्ग’ ह्या नियतकालिकातून खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. ते वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको ह्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. १९७३ साली ठाणे खाडीवरचा पहिला पूल वाहतुकीस खुला झाला, आणि ९५ गावांच्या जमिनींवर नव्या शहराची आखणी सुरू झाली. ज्यांच्या पूर्वजांनी बांध घालून ही जमीन समुद्राकडून मिळवली होती, त्यांना तिचा योग्य मोबदला मिळावा, म्हणून दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले, आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या बलिदानातून आकारास आली. तरणतलावाच्या इतिहासात ह्या घटनेचा उल्लेख अप्रस्तुत वाटू नये. कारण आज ज्या भूखंडांवर क्लब आणि गृहसंकुले उभी आहेत, ते भूखंड ह्याच जमिनीतून निघाले.

शहराच्या स्थापत्यात जुन्या बांधांचे तत्त्व मात्र टिकून राहिले. भूमी सखल असल्यामुळे भरती आणि अतिवृष्टी एकाच वेळी आल्यास पावसाचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही, हे जाणून सिडकोने धारण तलाव खोदले. भरतीच्या वेळी त्यांची दारे मिटतात, पाणी तलावात साठते, आणि ओहोटी लागताच ते खाडीत सोडले जाते; उघाडीचेच हे विस्तारित रूप होय. वाशीचा मिनी सीशोर आणि नेरुळचा ज्वेल ऑफ नवी मुंबई म्हणून ओळखला जाणारा परिसर ह्या अशाच धारण तलावांच्या कडेने विकसित झालेल्या फिरण्याच्या जागा आहेत. पण ह्या तलावांचा तळ गाळाने भरलेला, त्यामुळे ते पोहण्याचे नव्हेत. आणि गावतळी कठडे बांधून, घाट बांधून गणेशविसर्जनासाठी सजवली गेली, तेव्हा मुलांचे डुंबणे तेथूनही मागे हटले. नव्या शहरातील पोहणे म्हणून मुख्यतः क्लब, शिक्षणसंस्था आणि गृहसंकुले ह्यांच्या आवारात गेले. वाशीत नवी मुंबई स्पोर्ट्स असोसिएशन आणि फादर अॅग्नेल ह्या संस्थांचे तलाव झाले. पुढे ९ मे १९९२ रोजी मानखुर्द-वाशी लोहमार्ग सुरू होऊन वस्ती झपाट्याने वाढू लागली, तसे इतर उपनगरांतही जिमखाने झाले, आणि नंतरच्या काळात तर तरणतलाव हे मोठ्या गृहसंकुलाच्या जाहिरातीतील ठरलेले कलम होऊन बसले.

ह्या क्लबांनी मराठी कुटुंबाला जे दिले, ते कमी लेखण्याचे कारण नाही. चेंबूर, दादर, डोंबिवली येथून, किंवा घाटावरच्या दूरच्या गावांतून, येथे राहावयास आलेल्या कुटुंबांना वाडा, आळी, चाळ ह्यांच्याबरोबर शेजारही मागे सोडावा लागला होता. तो शेजार त्यांना पुष्कळदा तलावाच्या काठावर पुन्हा मिळाला. ज्या आईला आपल्या बालपणी नदीकाठी उभे राहून भावंडांचे पोहणे पाहावे लागले होते, ती चाळिशी उलटल्यावर महिलांच्या बॅचमध्ये नाव घालून पाण्यात उतरली, आणि तिच्या मुलीने तर परवानगी मागण्याचा प्रश्नच उरू दिला नाही. संधिवाताने गुडघे धरलेले वृद्ध, शस्त्रक्रियेनंतर हालचाल सुधारू पाहणारे रुग्ण, पायाने अधू असलेली मुले ह्यांना पाण्याने जो आधार दिला, तो जमिनीवर मिळणे शक्य नव्हते. १९६५ च्या युद्धात गंभीर जखमी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर ह्यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले, ते पाण्याच्या ह्याच सामर्थ्यावर. अंगाला घट्ट बसणारा पोशाख पाहून कोणी कुजबुजणार नाही, पोहता न येणाऱ्या प्रौढास कोणी हसणार नाही, लहान मुलाचे भय हा चेष्टेचा विषय होणार नाही, अशी खात्री जेथे असते, तेथेच माणूस शिकतो; कौटुंबिक क्लबाचे वातावरण ह्या खात्रीमुळेच मोलाचे ठरते.

मात्र ह्या सुखद वातावरणातच त्याचा धोकाही वसलेला आहे. बुडणारा माणूस ओरडतो, हात उंचावतो, पाणी उसळवतो, ही समजूत सर्वत्र प्रचलित आहे. न्यूयॉर्क शहरातील ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक म्हणून काम केलेल्या फ्रँक पिया ह्यांनी आपल्या निरीक्षणांतून दाखवून दिले की, प्रत्यक्षात बुडणे बहुधा निःशब्द असते. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्या क्षणात श्वास घेणेच कसेबसे साधते, आवाज काढण्यास अवधी उरत नाही. हात हलवण्यासाठी मोकळे नसतात, ते दोन्ही बाजूंस पाणी दाबत राहतात. शरीर उभेच असते, आणि वीस ते साठ सेकंदांत सारे संपते. शेजारी गप्पा मारणाऱ्या चार माणसांच्या डोळ्यांदेखत, कंबरभर पाण्यात, मूल बुडू शकते ते ह्यामुळे. प्रत्येकास वाटते की दुसरा पाहत आहे, आणि मुलाकडे कोणीच पाहत नसते. वाढदिवसाच्या मेजवानीस जमलेल्या वीस पालकांपेक्षा, ज्याला दुसरे कोणतेही काम सांगितलेले नाही असा एक जीवरक्षक अधिक विश्वासार्ह ठरतो, ह्याचे कारण हेच. आणि शिलोत्रदारास स्वतंत्र मण का द्यावा लागे, ह्याचेही कारण हेच होते.

म्हणून क्लबाची परीक्षा करणाऱ्याने त्याच्या दिवाणखान्याकडे न पाहता काही साध्या गोष्टी पाहाव्यात. पाण्याचा तळ, आणि तळाशी असलेली निचऱ्याची जाळी, काठावरून स्पष्ट दिसते काय? पाणी गढूळ असेल, तर बुडालेला माणूस दिसणार नाही, आणि तेवढ्या कारणावरून तलाव बंद ठेवला पाहिजे. पाण्यातील क्लोरीन व आम्लता ह्यांची नोंद रोज लिहिली जाते काय? भारतीय मानक ३३२८ ह्यात पोहण्याच्या पाण्याच्या गुणवत्तेच्या मर्यादा ठरवून दिलेल्या आहेत, आणि पीएच साधारण ७.२ ते ७.८ ह्यांच्या दरम्यान राहिले नाही, तर क्लोरीन घालूनही जंतू मरत नाहीत किंवा डोळे चुरचुरतात. खोलीचे आकडे काठावर ठळक रंगवलेले आहेत काय? उथळ भाग कोठे संपतो, हे दाखवणारा दोर ताणलेला आहे काय? जीवरक्षकास प्रमाणपत्र आहे काय, त्याला ठराविक वेळाने विश्रांती आणि बदली मिळते काय, आणि मुख्य म्हणजे तोच प्रशिक्षक, तोच तिकीट तपासणारा व तोच सफाई कामगार अशी त्याची ओढाताण होत नाही ना? बुडालेल्यास बाहेर काढताच पोट न दाबता प्रथम श्वास द्यावा, छातीवर दाब कसा द्यावा, हे तेथील किती कर्मचाऱ्यांना आणि किती पालकांना करून दाखवता येते? १८९१ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या जीवरक्षक संस्थेपासून आजच्या राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटीपर्यंत सर्वांनी हे शिक्षण सामान्य नागरिकांस देण्याचा आग्रह धरला, तो ह्याच जाणिवेने. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून नेमलेले जीवरक्षक ठेवल्यानंतर तेथील पर्यटकांना जो दिलासा मिळाला, त्याचेही मूळ ह्याच एका गोष्टीत आहे: पाण्याकडे पाहणे हे कोणाचे तरी एकमेव काम असले पाहिजे.

आणि आता दुसऱ्या कसोटीकडे, काठावर कोण येऊ शकतो ह्या प्रश्नाकडे, वळले पाहिजे. क्लबाच्या कुंपणाबाहेर नवी मुंबईत पाणी संपत नाही. पारसिकच्या डोंगररांगेतील दगडखाणींचे खोल खड्डे पावसाळ्यात भरतात. दिघ्याच्या इलठणपाड्याजवळ रेल्वेने ब्रिटिश अमदानीत बांधलेले धरण आहे. खारघरच्या पांडवकडा धबधब्याखाली माणसे वाहून गेल्याच्या दुर्घटना इतक्यांदा घडल्या की, पावसाळ्यात तेथे जाण्यास वन खात्याला बंदी घालावी लागली. ह्या जागी जीव जातात ते बहुधा अशा तरुणांचे, ज्यांना पोहता येत नाही आणि ज्यांना ते शिकण्याची जागाही मिळालेली नाही. येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ज्या गावांतील मुले एके काळी खाडी पुरती ओळखत, त्याच गावांच्या आजच्या पिढीतील कित्येक मुलांना पोहता येत नाही. गावतळ्यात उतरता येत नाही, खाडी प्रदूषित झाली, आणि क्लबाची वार्षिक वर्गणी त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. त्यांच्या आजोबांची शेते मात्र त्या क्लबाच्या फरशीखाली आहेत.

पंचवीस जुलै हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ सालापासून बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला आहे. त्या दिवशी फलक लावणे सोपे आहे. त्याहून उपयुक्त असे काम नवी मुंबईतील क्लबांच्या आणि गृहसंस्थांच्या कार्यकारिणींना करता येण्याजोगे आहे. दुपारच्या रिकाम्या तासांत, उन्हाळ्याच्या सुटीत, महानगरपालिकेच्या शाळांतील, गावठाणांतील आणि आपल्याच घरी कामास येणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी एक विनामूल्य बॅच चालवावी, तिला तोच प्रशिक्षक, तोच जीवरक्षक आणि तेच स्वच्छ पाणी द्यावे, आणि तिचा खर्च सभासदांनी वर्गणीत थोडी भर घालून उचलावा. पूर्वीच्या कुळांनी बांधासाठी मण दिला, तो उपकार म्हणून दिला नव्हता. आपले शेत वाचावयाचे, तर सर्व शिवार वाचले पाहिजे, हे त्यांना कळत होते. सभासदांच्या पुढील सर्वसाधारण सभेच्या कामकाजात हा विषय यावा, आणि ज्या तलावावर नेमलेला जीवरक्षक नाही, तो तलाव त्याच सभेच्या ठरावाने जीवरक्षक मिळेपर्यंत बंद ठेवावा, एवढी विनंती वाचकांस आहे.